रानवाटेवरची सबुरी

(गोंदिया जिल्हा हा तलावांचा आणि जंगलांचा जिल्हा आहे. येथील अनेक मुले, मुली आणि त्यांचे पालक सायकलने किंवा मोटारसायकलने जंगलाच्या वाटेवरून ये-जा करतात. अशा वाटेवर वन्यप्राणी भेटला तर कसे वागावे आणि तसे का वागावे, हे या पाठात समजावून सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठीत एक छान शब्द आहे, 'सबुरी'. तुम्हांला तो लगेच ओळखीचा वाटेल, कारण 'सब्र' आणि 'सबुरी' हे एकाच घरातले शब्द आहेत. सबुरी म्हणजे धीर धरणे, घाई न करणे. रोजच्या जीवनात सबुरी किती उपयोगी पडते, हे मोठी माणसे आपल्याला नेहमी सांगतात. पण जंगलातल्या रस्त्यावर दुचाकी चालवताना तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. तेथे सबुरी ठेवणारा माणूस स्वतः वाचतो आणि समोरचा मुका प्राणीही वाचतो.

महाराष्ट्राचा नकाशा उघडा. अगदी पूर्वेच्या टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या राज्यांना लागून गोंदिया जिल्हा दिसेल. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा तयार झाला. धानाची शेती, जुने तलाव आणि दाट जंगल ही या भागाची ओळख आहे. जंगलामुळेच या मुलखाला लोक 'झाडीपट्टी' म्हणतात. नागझिरा अभयारण्य १९७० साली आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली घोषित झाले. पुढे २०१३ साली ही दोन्ही जंगले आणि त्यांच्या शेजारची अभयारण्ये मिळून 'नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प' झाला. प्रसिद्ध लेखक मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी म्हणून नवेगावबांध येथे राहिले होते. या जंगलातले पक्षी, प्राणी आणि माणसे त्यांच्या लेखनात जागोजागी भेटतात.

नकाशावर जंगलाची सीमा रेषेने दाखवलेली असते. वाघाला, अस्वलाला किंवा चितळाला मात्र ती रेषा दिसत नाही. पाण्यासाठी, भक्ष्यासाठी आणि नवे घर शोधण्यासाठी ते एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. ज्या पट्ट्यातून ते जातात, त्याला 'संचारमार्ग' म्हणतात. नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांमध्ये असाच संचारमार्ग आहे. त्या मार्गाला मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग छेदतो. याशिवाय लहान डांबरी रस्ते, मुरमाचे रस्ते आणि पायवाटा आहेतच. प्राण्यांची वाट आणि आपली वाट येथे रोज एकमेकींना ओलांडतात.

मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्याच्या जंगलात सोडण्यात आल्या. वाघांची संख्या वाढावी, हा त्यामागचा हेतू होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १० ऑगस्ट २०२३ च्या रात्री, गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका भरधाव मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या वाघाला धडक दिली. सुमारे दोन वर्षांचा तो तरुण नर वाघ होता. जखमी अवस्थेत तो फरफटत झुडपांकडे गेला. दुसऱ्या दिवशी उपचारासाठी नागपूरला नेत असताना वाटेतच त्याचा मृत्यू झाला. एकीकडे वाघ वाढावेत म्हणून एवढे परिश्रम घ्यायचे आणि दुसरीकडे एका क्षणाच्या वेगाने एक वाघ गमवायचा, अशी ही दुःखद गोष्ट आहे. धडक देणारी ती मोटार होती, म्हणून आत बसलेली माणसे वाचली. तेथे दुचाकी असती तर काय झाले असते, याचा विचार करा. दुचाकीस्वाराभोवती लोखंडी पत्रा नसतो. त्याचे रक्षण त्याच्या डोक्यावरचे हेल्मेट आणि डोक्यातला विचार, या दोनच गोष्टी करतात.

अशा भेटी टाळता येतात का? पुष्कळ वेळा येतात. त्यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पहिली वेळ आणि दुसरी वेग.

आधी वेळेचा विचार करू. उन्हाळ्यात गोंदियाचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. अशा उन्हात प्राणी सावलीत पडून राहतात आणि ऊन उतरल्यावर पाण्याकडे निघतात. वाळवंटात तर हे आणखी स्पष्ट दिसते. राजस्थानच्या थर वाळवंटात दिवसा वाळू तापते, तेव्हा खोकड बिळात शिरते आणि साप दगडाखाली किंवा वाळूत दडून बसतो. पहाटे आणि संध्याकाळनंतर मात्र वाळवंट जागे होते. माणसालाही प्रवासासाठी हीच थंड वेळ आवडते. सौदी अरेबियात नोकरी करणारे कोणी नातेवाईक असतील तर त्यांना विचारा. तेथील वाळवंटातल्या रस्त्यांवर उंटांपासून सावध करणाऱ्या पाट्या लावलेल्या असतात. उंटाचे पाय लांब असतात. मोटार त्याच्या पायांना धडकली की त्याचे अवजड धड थेट समोरच्या काचेवर कोसळते. आपल्याकडच्या रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या बाबतीतही असेच घडू शकते. वाळवंट असो की झाडीपट्टी, नियम एकच आहे. फजरपासून सूर्य चांगला वर येईपर्यंत आणि मगरिबपासून रात्रभर रस्ता प्राण्यांचा असतो. शक्य असेल तर जंगलातला प्रवास भर दिवसा करावा. या वेळी निघणे भागच असेल तर एकट्याने निघू नये आणि गाडी हळू चालवावी.

आता वेगाकडे वळू. येथे थोडे गणित करावे लागेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर प्राणी दिसला की डोळे पाहतात, मेंदू समजून घेतो आणि मग हात ब्रेककडे जातो. एवढ्यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती आणखी सुमारे २० मीटर जाऊन थांबते. एकूण अंतर झाले सुमारे ३७ मीटर. हाच वेग निम्मा, म्हणजे ३० केला तर? पहिल्या सेकंदातले अंतर निम्मे होते, सुमारे साडेआठ मीटर. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मात्र निम्मे होत नाही, ते चौथा हिस्सा होते, म्हणजे सुमारे पाच मीटर. एकूण अंतर १४ मीटरांच्या आत येते. वेग निम्मा केला आणि अंतर एक तृतीयांशाच्या जवळ आले! मुरूम, वाळू किंवा ओली पाने यांवर टायर घसरतो, म्हणून तेथे हे अंतर आणखी वाढते. रात्री गाडीचा दिवा जेवढे दाखवतो, तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे. ती थांबत नसेल तर आपण आंधळेपणाने गाडी चालवत आहोत, असे समजावे.

तुमच्यापैकी बहुतेकांचे वय अजून १८ झालेले नाही. गिअरची मोटारसायकल तुम्ही चालवायचीच नाही, असा कायदा आहे. पण अब्बांच्या किंवा भाईजानच्या मागे तुम्ही बसता. मागे बसणाऱ्याचेही एक मोठे काम असते. चालवणाऱ्याचे लक्ष खड्ड्यांकडे असते, तेव्हा तुम्ही रस्त्याच्या दोन्ही कडांकडे पाहायचे. रात्री झुडपांत दोन चमकते ठिपके दिसले तर लगेच सांगायचे, "हळू घ्या, डावीकडे काहीतरी आहे." अनेक प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. त्यावर दिव्याचा प्रकाश पडला की तो परत फिरतो, म्हणून डोळे चमकतात. शरीर दिसण्याच्या आधी डोळे दिसतात. ही प्राण्याने दिलेली आगाऊ सूचनाच आहे.

जंगल इतरही सूचना देत असते. माकडे झाडाच्या शेंड्यावर बसून एकसारखी खॅक-खॅक ओरडू लागली किंवा चितळ कान टवकारून एकाच दिशेला पाहत ओरडू लागले, तर जवळपास वाघ किंवा बिबट्या असण्याचा संभव असतो. अशा वेळी 'काय आहे ते बघू' म्हणून पुढे जाऊ नये. थांबावे आणि हळूच मागे फिरावे. माकड आणि चितळ हे जंगलाचे पहारेकरी आहेत. ते ओरडू लागले की आपण खबरदार व्हायचे.

आवाजाच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवा. भेट होण्यापूर्वीचा आवाज चांगला, समोरासमोर आल्यावरचा आवाज वाईट. सायकल फारसा आवाज करत नाही. वळणावर ती अचानक प्राण्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहते आणि प्राणी दचकतो. दचकलेला प्राणी पळून जातो किंवा अंगावर येतो. म्हणून दाट झाडीतल्या वळणापूर्वी घंटी वाजवावी किंवा मोठ्याने बोलत जावे. त्यामुळे 'माणूस येत आहे' हे प्राण्याला आधीच कळते आणि तो स्वतःच बाजूला होतो. पण प्राणी समोर आल्यावर हॉर्न वाजवणे, ओरडणे, दगड मारणे किंवा दिव्याचा झोत त्याच्या डोळ्यांवर मारणे धोक्याचे आहे. तेव्हा तोच आवाज त्याला हल्ल्यासारखा वाटतो.

प्रत्येक प्राण्याचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून प्रत्येकाशी वागण्याची रीतही थोडी वेगळी आहे.

वाघ किंवा बिबट्या दुरून दिसला तर गाडी तेथेच थांबवावी. घाईने वळवू नये, कारण गडबडीत गाडी पडण्याची भीती असते. बहुतेक वेळा तो क्षणभर पाहतो आणि झाडीत निघून जातो. तो गेल्यावरही काही मिनिटे थांबावे. ती वाघीण असेल तर तिच्या मागून बछडे येत असू शकतात. सायकलवर असाल तर खाली उतरून सायकल मध्ये आडवी धरावी आणि त्याच्याकडे पाठ न करता एकेक पाऊल मागे यावे. पळू नये. पळणारी वस्तू पाहिली की तिचा पाठलाग करणे, हा शिकारी प्राण्याचा स्वभाव आहे. खाली बसू नये, वाकू नये. वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या भक्ष्यासारखा भासू शकतो. जंगलात सरपण किंवा तेंदूपाने गोळा करणाऱ्या लोकांना धोका जास्त असतो, त्याचे हे एक कारण आहे.

अस्वल वाघापेक्षा लहान असते, तरी त्याच्याविषयी जास्त सावध राहावे लागते. त्याचे नाक तीक्ष्ण असते, पण नजर अधू असते. वारूळ उकरण्यात किंवा फळे खाण्यात ते गुंग झाले की माणूस जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते घाबरून हल्ला करते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. गावातली माणसे ती वेचायला भल्या पहाटे निघतात आणि अस्वलालाही तीच फुले आवडतात. दोघांची वेळ एक, जागा एक आणि आवड एक! म्हणून त्या दिवसांत मोहाच्या झाडांजवळून जाताना आवाज करत जावे. अस्वल दिसले तर दूर थांबावे आणि त्याला जाण्यासाठी वाट मोकळी ठेवावी. पिले पाठीवर असलेल्या मादीच्या जवळ तर कधीच जाऊ नये. एवढे करूनही अस्वल अंगावर आलेच तर जमिनीवर पालथे पडावे आणि दोन्ही हातांनी मान व डोके झाकावे. ते चेहऱ्यावर आणि डोक्यावर वार करते. म्हणून गाडीवरून उतरलात तरी जंगलात हेल्मेट काढू नये.

रानडुक्कर, चितळ, सांबर आणि रोही यांच्यापासून वेगळाच धोका असतो. ते आपल्याला मारायला येत नाहीत, पण घाबरून एकदम रस्त्यावर उडी घेतात. शिवाय ते बहुधा एकटे नसतात. एक डुक्कर रस्ता ओलांडून गेले की आपण म्हणतो, "गेले एकदाचे!" आणि गाडीचा वेग वाढवतो. तेवढ्यात मागून दुसरे येते, मग त्याची पिले येतात. एक दिसला तर मागे आणखी आहेत असे धरून चालावे. रानगवा दिसायला शांत असतो, पण त्याने जोराने फुत्कार सोडला, मान हलवली किंवा पाय आपटला तर तो आपल्याला 'दूर हो' असे सांगत असतो. त्याचे ऐकावे. नागझिऱ्यात रानकुत्र्यांचे कळप आहेत. ते सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत. मात्र त्यांनी मारलेल्या शिकारीजवळ जाऊन त्यांना हुसकावू नये. ते अन्न त्यांनी कष्टाने मिळवलेले असते.

गेल्या काही वर्षांत या भागाला एक नवा पाहुणा भेटला आहे. २०२१ साली रानहत्तींचा एक कळप छत्तीसगडातून गडचिरोली जिल्ह्यात आला आणि २०२२ साली तो गोंदिया जिल्ह्यातही फिरला. हत्ती भारी असला तरी माणसापेक्षा वेगाने धावतो. कळपाची बातमी कळली की त्या रस्त्याने जाऊच नये. पाहायला म्हणून तर मुळीच जाऊ नये. लोकांची गर्दी आणि फटाक्यांचा आवाज यांमुळे हत्ती बिथरतो.

लहान प्राण्यांनाही विसरून चालणार नाही. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते आणि साप बाहेर पडतात. नाग, मण्यार आणि घोणस हे विषारी साप आपल्याकडे आढळतात. रस्त्यावर साप दिसला तर काही पावले दूर थांबावे, तो आपोआप निघून जातो. त्याच्यावरून गाडी नेऊ नये आणि त्याच्याजवळ पाय टेकू नये. बाहेर काढून ठेवलेले बूट आणि हेल्मेट घालण्यापूर्वी झटकून पाहावे. आत विंचू किंवा साप असू शकतो. साप चावलाच तर त्या माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, बांगडी, पैंजण काढून घ्यावे. जखम कापू नये, तोंडाने विष ओढू नये, दोरीने घट्ट बांधू नये. मांत्रिकाकडे नेण्यात वेळ घालवू नये. सापाच्या विषावर खरे औषध एकच, ते म्हणजे दवाखान्यात मिळणारे प्रतिविष. मण्यार चावल्यावर पुष्कळदा वेदना किंवा सूज फारशी नसते. म्हणून 'काही झाले नाही' असे समजून घरी थांबणे जिवावर बेतते.

मधमाश्यांच्या बाबतीत मात्र वरचा एक नियम उलटा होतो. वाघापासून पळू नये असे आपण शिकलो, पण आग्या मोहोळ उठले तर तोंड झाकून शक्य तितक्या लवकर दूर पळावे आणि घरात किंवा बंद गाडीत शिरावे. हात हलवून माश्या मारत बसू नये.

आता आणखी एका गोष्टीकडे लक्ष देऊ. हल्ली काही तरुणांना रस्ता सोडून मोटारसायकल चालवण्याची हौस असते. नाल्यातून, गवतातून, तलावाच्या कोरड्या काठावरून गाडी उडवत न्यायची, यात त्यांना मौज वाटते. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात असे करता येत नाही. तेथे परवानगीशिवाय शिरणे, ठरलेला रस्ता सोडणे आणि प्राण्यांना त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पण कायद्याच्या पलीकडेही एक कारण आहे. रस्त्यावर आपल्याला मोठे प्राणी दिसतात. रस्ता सोडल्यावर जे चाकाखाली येते, ते दिसतही नाही. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. थर वाळवंटातला माळढोक पक्षीही उघड्या जमिनीवरच अंडे घालतो, तेही बहुधा एकच. आता देशात हे पक्षी फारच थोडे उरले आहेत. तेथे गाडीचे एक चाक एक संपूर्ण पिढी चिरडू शकते.

गोंदियाकडे असाच एक अनमोल पक्षी आहे, तो म्हणजे सारस. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत तो जगात सर्वांत उंच आहे. तो उभा राहिला की त्याची उंची जवळजवळ सहा फूट भरते. महाराष्ट्रात तो आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी घरटे करतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. घरट्याजवळ गाडी नेली, फोटोसाठी गर्दी केली, तर नर-मादी अंडी सोडून दूर जातात. तेवढ्यात कुत्रा किंवा कावळा डाव साधतो. शेतकरी आपल्या बांधीतले घरटे सांभाळतात. मग आपण निदान दूर राहायला काय हरकत आहे?

एवढी काळजी घेऊनही अपघात झाला तर काय करावे? प्रथम गाडी बाजूला घ्यावी आणि मागून येणाऱ्यांना सावध करावे. माणूस जखमी असेल तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्राणी जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि जवळच्या गावाचे नाव किंवा रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड सांगावा. जखमी प्राण्याला हात लावू नये, पाणी पाजायला जाऊ नये. दयेपोटीही जवळ जाऊ नये, कारण वेदनेने तो बेभान झालेला असतो. त्याच्याभोवती गर्दी होऊ न देणे, हीच त्या वेळची खरी दया आहे. गर्दी नसेल तर वनखात्याच्या माणसांना त्याला लवकर पकडता येते आणि उपचार लवकर मिळतात.

रस्ते बांधणाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. नागपूर जिल्ह्यात पेंचच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग काही ठिकाणी उंच उचलून त्याखालून प्राण्यांसाठी भुयारी वाटा ठेवल्या आहेत. वाघासह अनेक प्राणी त्या वाटांनी जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. वाट दिली तर प्राणी ती वापरतात, हे यावरून सिद्ध होते. पण प्रत्येक मुरमाच्या रस्त्यावर, प्रत्येक पायवाटेवर असा पूल बांधता येणार नाही. तेथे प्राण्याला वाट देण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

वाट देणे म्हणजे तरी काय? दोन मिनिटे थांबणे. घरी दोन मिनिटे उशिरा पोहोचल्याने कोणाचे काही बिघडत नाही. त्या दोन मिनिटांत एक कळप सुखरूप रस्ता ओलांडतो, एक आई आपल्या पिलांना पलीकडे नेते आणि तुमची आई दारात ज्यांची वाट पाहत असते, ती माणसेही घरी सुखरूप पोहोचतात. मित्रांनो, या सबुरीला पैसे पडत नाहीत. ती फक्त आठवणीत ठेवावी लागते.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश, भाग
संचारमार्ग – प्राण्यांची एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याची वाट
भक्ष्य – शिकारी प्राण्याचे खाद्य
भरधाव – अतिशय वेगाने जाणारा
खोकड – कोल्ह्यासारखा लहान प्राणी, लोमडी
अधू – कमजोर
वारूळ – वाळवी किंवा मुंग्या यांचे मातीचे घर
बिथरणे – घाबरून किंवा रागाने बेभान होणे
बांधी – बांध घातलेले धानाचे शेत
डाव साधणे – संधीचा फायदा घेणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गोंदिया जिल्हा केव्हा निर्माण झाला?
(आ) संचारमार्ग कशाला म्हणतात?
(इ) रात्री अनेक प्राण्यांचे डोळे का चमकतात?
(ई) सापाच्या विषावर खरे औषध कोणते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) वाघ समोर दिसल्यावर पळू नये.
(आ) मोहाची फुले गळण्याच्या दिवसांत जंगलात आवाज करत जावे.
(इ) एक रानडुक्कर रस्ता ओलांडून गेले तरी गाडीचा वेग वाढवू नये.

प्र. ३. 'भेट होण्यापूर्वीचा आवाज चांगला, समोरासमोर आल्यावरचा आवाज वाईट.' हे विधान उदाहरणे देऊन आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

प्र. ४. पाठात आलेले 'सबुरी', 'खबरदार', 'मुलूख', 'जखमी' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढा. प्राणी जेथे रस्ता ओलांडतात, त्या जागा घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून नकाशात दाखवा आणि तो वर्गात लावा.